मूरवर राहा, दरीत चाला : टॅन हिलच्या मुक्कामाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. मेच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून सहाजणांचं कुटुंब लीड्सला बहिणीकडे येतंय. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, बाबांचे गुडघे कुरकुरतात, आई पक्क्या शाकाहारी, मुलं अकरा आणि आठ वर्षांची. ‘ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा पब’ म्हणून टॅन हिल इनचे फोटो पाहिलेत. तिथे एक रात्र राहावं, की दुपारी जाऊन जेवून परत यावं? आईला पबमध्ये न्यायचं बरं दिसेल का? गाडी स्वतः चालवणं जमेल का? आणि त्याऐवजी दिवाळीनंतर आलो तर बर्फ मिळेल का?

मी मूळची रत्नागिरीची, गेली अठरा वर्षं यॉर्कशायरमध्ये. शनिवार-रविवार चालणाऱ्यांचे गट घेऊन डेल्समध्ये, म्हणजे इथल्या दऱ्याखोऱ्यांत, फिरते. त्यातले निम्मे आता आपलेच असतात; कुणाचे तरी आई-बाबा, ‘यांना काहीतरी वेगळं दाखव’ म्हणून माझ्या गळ्यात घातलेले. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी निकाल सांगते. जा, पण एक रात्र नको, दोन रात्री राहा. आणि राहायचं वर मूरवर, म्हणजे उंचावरच्या उघड्या, ओल्या माळावर, आणि चालायला उतरायचं खाली दरीत. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. खालच्या गावात मुक्काम, दुपारी गाडीने वर, पाटीखाली फोटो, वाऱ्याने कान दुखले की एक कॉफी, आणि मग ‘आलोच आहोत तर थोडं पुढे जाऊन येऊ’ म्हणत मूरमध्ये शिरायचं. अर्ध्या तासात ओले होऊन परत येतात आणि म्हणतात, एवढं काय आहे इथे?

तसं पाहिलं तर खरंच काही नाही. टॅन हिल ५२८ मीटरवर आहे, म्हणजे १,७३२ फूट. महाबळेश्वर याच्या अडीच पटीहून उंच, तेव्हा आकड्यावर जाऊ नका. पण इथे वर आसपास झाड दिसत नाही. चारी बाजूंना तपकिरी, सपाटसर पसरलेली जमीन, मधून जाणारा एक अरुंद डांबरी रस्ता, आणि त्या रस्त्यावर एकटीच उभी असलेली ही जाड भिंतींची दगडी इमारत. शेजारी घर नाही. जवळचं गाव म्हणजे केल्ड, सुमारे साडेसहा किलोमीटर खाली, आणि तेही मूठभर घरांचं.

मग अशा जागी इन बांधलं कुणी? कोळशाने. या माळाखाली कोळशाचे पातळ थर आहेत आणि मध्ययुगापासून ते खणले जात होते. घोड्यांच्या पाठीवर कोळसा लादून दऱ्यांमधल्या चुनाभट्ट्यांना आणि शिशाच्या भट्ट्यांना जायचा. त्या वाटा इथे एकमेकींना मिळत. खाणवाले, घोडेवाले, गुरं हाकत नेणारे, सगळ्यांची तहान-भूक भागवायला आणि वाऱ्यापासून पाठ टेकायला हा ठिकाणा. शेवटची खाण गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बंद झाली, कामगारांची घरं पडली, इन तेवढं उरलं. नंतर १९६५ मध्ये पेनाइन वे ही ४३० किलोमीटरची पायवाट अधिकृत झाली आणि ती थेट याच्या दारातून गेली. म्हणजे गिऱ्हाईक बदललं, चिखलाचे बूट तेच. जुन्या खाणींची तोंडं अजून आसपास आहेत, म्हणून मुलांना पबच्या मागे उधळू देऊ नका.

आता आईंचा प्रश्न. ‘पब’ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर अंधार, ढणढण गाणी आणि पोलिसांची धाड येते. गावाकडचा इन म्हणजे आपली जुनी सराई: जेवण, बिछाना, शेकोटी, आणि हो, पिणाऱ्याला बीअर. दुपारी पाहाल तर एका कोपऱ्यात विणकाम करणारी आजी, टेबलाखाली दोन ओले कुत्रे आणि खुर्चीवर झोपलेलं कुणाचं तरी बाळ. मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते, तेव्हा त्या आधी दाराशीच अडल्या. तासाभराने शेकोटीजवळची खुर्ची सोडायला तयार नव्हत्या. न पिणाऱ्यांकडे कुणी वळूनही बघत नाही. लाइम अँड सोडा मागा, किंवा जिंजर बीअर. नाव ऐकून आईंनी नाक मुरडलं तर सांगा की हे आल्याचं सरबत आहे. मागवताना फक्त बिनअल्कोहोलची ना, एवढं विचारून घ्या.

एक रीत माहीत असू द्या. टेबलाशी बसून कुणी वही घेऊन येईल म्हणून वाट पाहिलीत तर वाटच पाहाल. टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा, बारवर जायचं, तिथेच सांगायचं आणि बहुतेक वेळा तिथेच पैसे द्यायचे. बारवर रांग दिसत नाही, पण आपल्या आधी कोण आलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. घुसलात तर कुणी बोलणार नाही, पण जाणवेल.

जेवणाबाबत मी जरा कडक आहे. स्वयंपाकघर पबच्या आधी बंद होतं, बऱ्याच आधी. एकदा दुसऱ्याच एका मूरवरच्या इनमध्ये आम्ही नऊजण सव्वाआठला पोचलो. चूल आठला विझली होती. चूक माझी, वेळ विचारली नव्हती. वेफर्सची पाकिटं आणि खारे दाणे एवढ्यावर रात्र काढली, आणि जवळचं दुसरं हॉटेल अंधारात पाऊण तासावर. त्या दिवसापासून खोली घेतानाच मी जेवणाची वेळ विचारते, टेबल राखून ठेवायला सांगते आणि चारच्या आत पोचते.

शाकाहारी पदार्थ असतात: सूप, मॅकरोनी चीज, भाज्यांचं सारण भरून भाजलेला ‘पाय’ (pie), भाजलेला बटाटा. पण यॉर्कशायरची एक खोच आहे. इथे चिप्स पुष्कळदा गोमांसाच्या चरबीत तळतात, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं असतंच, बहुधा तीच चरबीही. वरून ओततात ती ग्रेव्ही मांसाची. तेव्हा नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. चिप्स कशात तळता, हे स्पष्ट विचारा आणि शक्य असेल तर दोन दिवस आधी फोन करून सांगा. लोक मनापासून सांगतात. सकाळी पॉरिज, मशरूम, बीन्स, टोस्ट यांवर आईंचं निभतं. खोलीत किटली असते, त्यामुळे गरम पाणी ओतून होणारी उपम्याची पाकिटं आणि डबाभर दशम्या जवळ असू द्या.

आता मूरबद्दल, कारण आपल्या लोकांची गफलत इथेच होते. फोटोत ते माळरान दिसतं. आमच्या रत्नागिरीच्या सड्यासारखं, किंवा कासच्या पठारासारखं. पण सड्याला खाली कातळ असतो. पावसाळ्यात वर पाणी साचलं तरी पाय खडकावर टेकतो. मूरखाली कातळ आहे, पण त्याच्या वर हात-दोन हात, कुठे पुरुषभर पीट. म्हणजे हजारो वर्षांत नीट न कुजलेल्या शेवाळ-गवताचा काळा थर. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. वरचं स्फॅग्नम शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवतं. चालताना तुम्ही जमिनीवर नसता, भिजलेल्या स्पंजवर असता.

माझा मावसभाऊ दर रविवारी सिंहगड चढणारा. टॅन हिलच्या उत्तरेला स्लाइटहोम मूर लागतो, पेनाइन वे तिथून जाते आणि चिखलासाठी ती जागा बदनाम आहे. मी सांगत होते, तपकिरीवरून चल. त्याला बाजूला पोपटी हिरवा, गालिच्यासारखा पट्टा दिसला. कोकण-देशावरचा माणूस, हिरवं दिसलं की पाय तिकडे वळतो. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत गेलं, सावरायला टाकलेलं दुसरं गुडघ्यापर्यंत. पाय ओढला तेव्हा ‘च्युप’ असा आवाज झाला आणि पाय आला, बूट राहिला. मी कोपरापर्यंत हात घालून तो चाचपून काढला. आत काळं पाणी, बर्फासारखं थंड, आणि चार दिवसांच्या निर्माल्याचा असतो तसा वास. पायाला पावाची रिकामी पिशवी बांधून तो इनपर्यंत परत आला. बारमागच्या बाईंनी काही विचारलं नाही. जुनं वर्तमानपत्र दिलं, बुटात कोंबायला सांगितलं आणि बूट शेकोटीपासून हातभर लांब ठेवला. जवळ ठेवला तर चामडं तडकतं, म्हणाल्या.

तर नियम एवढाच: पोपटी हिरवं टाळा. हेदरची तपकिरी झुडपं असतील तिथे जमीन त्यातल्या त्यात घट्ट. पण तुमच्या कुटुंबाने मूरमध्ये शिरायचंच कशाला? इनसमोरून डांबरी रस्त्याने दोन्ही दिशांना अर्धा तास चाला, बाबांनाही जमेल. तेवढ्यात जे ऐकायचं ते ऐकू येतं. मेमध्ये कर्ल्यू हा लांब वाकड्या चोचीचा पक्षी मूरवर अंडी घालतो आणि उडताना अशी शीळ घालतो की सुरुवातीला एकेक सूर आणि मग पाणी उकळल्यासारखा खळखळाट. टिटवीची सख्खी चुलत बहीण म्हणावी अशी लॅपविंगही दिसेल. झुडपातून अचानक ‘गोबॅक, गोबॅक’ असं कुणी ओरडलं तर दचकू नका, तो ग्राउस पक्षी. मुलांना हा आवाज फार आवडतो.

आणि मेंढ्या. काळं तोंड, नाकाशी पांढरा ठिपका, वळलेली शिंगं: ही स्वेलडेल जात, इथलीच. मूरला कुंपण नाही, तरी प्रत्येक कळप आपल्या मालकाचा तुकडा सोडून जात नाही. कोकरू आईमागे चालत ती हद्द शिकतं, पिढ्यान्‌पिढ्या. पाठीवर रंगाचे पट्टे असतात ती मालकाची खूण. जुने मेंढपाळ मेंढ्या मोजताना वेगळेच आकडे म्हणत: यान, टॅन, टेदर, मेदर, पिप. इंग्रजीच्या आधीच्या, वेल्शच्या जवळच्या बोलीचे हे अवशेष, असं म्हणतात. धाकट्याला शिकवा, गाडीत तेवढीच शांतता.

याच मेंढ्यांचं प्रदर्शन मेच्या अखेरीस टॅन हिलवर भरतं. तुमच्या तारखा नेमक्या तिथेच येतात. शिवाय मेचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, आणि त्याच आठवड्यात शाळांना सुट्टी. खोल्या मोजक्या आहेत, त्यामुळे बेत पक्का असेल तर आजच फोन करा. फोनवर तीन गोष्टी विचारा: बाबांसाठी जिना न चढता जाता येईल अशी खोली आहे का, खोली बारच्या डोक्यावर आहे का, आणि त्या रात्री गाण्याचा कार्यक्रम आहे का. कार्यक्रम असेल तर वाईट नाही, पण आईंना दहाला झोपायचं असेल तर आधी कळलेलं बरं. खोली आधुनिक हॉटेलसारखी निघणार नाही. इमारत जुनी आहे, जमीन थोडी तिरकी असते, आणि रात्री वारा सुटला की खिडकी बोलते.

गाडीचं सांगते. भारतीय परवान्यावर पाहुण्याला इथे बारा महिने गाडी चालवता येते आणि बाजूही डावीच, तो प्रश्न नाही. तुम्ही सहाजण आणि बहीण म्हणजे सात सीटची गाडी लागेल, आणि सामान कमी. मुलं बारा वर्षांची किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्यांना वेगळं आसन सक्तीचं आहे, तेव्हा धाकट्यासाठी नक्की आणि थोरल्याला मोजून मागवा. लीड्सहून रिचमंड, तिथून रीथ, मग आर्केनगार्थडेलची दरी चढत लँगथ्वेटवरून टॅन हिल. नकाशा दोन-सव्वादोन तास सांगेल, तुम्ही तीन धरा. शेवटचा टप्पा बिनकुंपणाचा. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी दिसली म्हणजे ताशी साठ मैलांची परवानगी असते, पण या रस्त्यावर त्या वेगाने कुणी जात नाही. रस्ता अरुंद होतो तिथे ठरावीक अंतरावर गाडी बाजूला घ्यायला जागा ठेवलेली असते. समोरच्याला वाट द्यायला ती आहे, फोटोसाठी थांबायला नाही. संध्याकाळी मेंढ्या उबदार डांबरावर येऊन बसतात. हॉर्न वाजवून त्या उठत नाहीत, सावकाश जवळ जा, उठतील. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला असेल तर थांबाच, कारण ते पळणारच.

पेट्रोल रिचमंडला भरा. फोनची रेंज धरून चालू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा. हवामानासाठी मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, डोंगरांसाठी वेगळा अंदाज असतो, त्यात यॉर्कशायर डेल्सचा भाग निवडा. लीड्सचा अंदाज पाहून निघालात तर फसाल. खाली सोळा अंश आणि ऊन असताना वर आठ अंश, वारा आणि धुकं हे मेमध्ये नेहमीचं.

म्हणूनच दोन रात्री म्हणते. एक दिवस धुक्यात गेला तरी तो वाया जात नाही. खिडकीतून वीस पावलांपलीकडचं काही दिसत नाही, आत लाकडं तडतडतायत, पेनाइन वे चालणारे एकेक जण गळत आत येतायत आणि मोज्यांवरून गप्पा सुरू होतायत. माझ्या मते हा खरा टॅन हिल. फोटो उन्हातले असतात, आठवणी धुक्यातल्या.

दुसरा दिवस दरीचा. सकाळी गाडीने केल्डला उतरा. गावाचं नाव नॉर्स भाषेतलं, अर्थ झरा, आणि नाव खरं करणारा ईस्ट गिल धबधबा गावाखालीच आहे. इथून म्यूकर गावापर्यंत स्वेल नदीच्या काठाने जेमतेम पाच किलोमीटरची वाट. वाटेत डोंगराच्या कुशीत क्रॅकपॉट हॉल नावाचं पडकं घर लागतं. खालच्या जुन्या खाणीमुळे जमीन सरकली, भिंती तडकल्या आणि माणसं सोडून गेली. तुम्ही दोघं आणि मुलं चाला. बहिणीने आई-बाबांना गाडीने म्यूकरला न्यावं. तिथे गावालगतच गवताची कुरणं आहेत, फरशी घातलेल्या पायवाटेवरून पाच मिनिटांत बाबा त्यांच्या मधोमध उभे राहतील. मेअखेरीला पिवळी बटरकप्स सुरू होतात, जूनच्या मध्याला रंग भरात येतो. एकामागे एक चालायचं; ते गवत म्हणजे शेतकऱ्याचं पीक आहे, जुलैत कापून हिवाळ्यासाठी ठेवतात.

जवळजवळ प्रत्येक कुरणात एक दगडी कोठार दिसेल. खाली गोठा, वर माळ्यावर गवत. हिवाळ्यात गुरं तिथेच, वरून वैरण खाली, शेण त्याच शेतात. आमच्या आजोळच्या गोठ्याची रचना हीच होती. फक्त पेंढ्याच्या जागी गवत आणि म्हशीच्या जागी गाय. बाबांचं शेतीशी नातं असेल तर त्यांना त्या एका कोठारापाशी सोडून द्या, अर्धा तास आरामात जातो.

तिसऱ्या दिवशी परतताना बटरटब्ज घाटाने हॉजला उतरा. २०१४ मध्ये टूर द फ्रान्सचे सायकलस्वार हाच चढ चढले होते. रस्त्याकडेला चुनखडकात पडलेली खोल भोकं आहेत; बाजाराला जाणारे शेतकरी त्यांत लोणी थंड ठेवत म्हणून हे नाव, असं सांगतात. मुलांचे हात धरा. हॉजला वेन्सलेडेल चीज चाखून घ्या आणि लीड्सची वाट धरा.

राहिला बर्फ. दिवाळीच्या सुमारास वर बर्फ पडेलच असं नाही, उलट धुकं, गार पाऊस आणि साडेचारला अंधार हे जास्त खरं. एक गोष्ट मात्र त्या दिवसांत मिळेल जी मेमध्ये मिळत नाही. डेल्सला डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय रिझर्व्ह’चा दर्जा मिळाला. मेअखेरीला रात्री दहा वाजले तरी आकाश पुरतं काळं होत नाही, पण नोव्हेंबरच्या निरभ्र रात्री आकाशगंगा दारातून दिसते.

आणि बर्फ आलाच तर तो विचारून येत नाही. २६ नोव्हेंबर २०२१ च्या शुक्रवारी ओएसिस या ब्रिटिश रॉक बँडची नक्कल करणाऱ्या एका बँडचा कार्यक्रम टॅन हिलला होता. त्याच रात्री आर्वेन वादळ आलं. रस्त्यावर बर्फाचे ढिगारे, वर विजेच्या तारा पडलेल्या. बँडसकट ६१ माणसं तीन रात्री आत अडकली. खायला होतं, शेकोटी होती, प्रश्नमंजूषा झाल्या, गाणी झाली, आणि सोमवारी वाट मोकळी झाली तेव्हा पुष्कळांना निघवेना, असं नंतर सगळीकडे छापून आलं. ऐकायला छान आहे. पण तुम्ही नोव्हेंबरातच यायचं ठरवलंत तर इनचा मुक्काम सहलीच्या सुरुवातीला ठेवा, बाबांची औषधं चार दिवसांची जास्त घ्या आणि मँचेस्टरच्या विमानाआधी मध्ये निदान तीन दिवस मोकळे सोडा.